बीड पाहताना : वेस, पाणी आणि पाटी

१

एखादे शहर पाहायला जाणे ही आज साधी गोष्ट वाटते. एस.टी.चे तिकीट काढावे, चार देवळे, दोन दर्गे, एखादी जुनी वास्तू पाहावी आणि दिवेलागणीला परत फिरावे. परंतु पाहुणा होण्यासाठी आधी काही गोष्टी मिळालेल्या असाव्या लागतात. वेस उघडी असावी लागते. तहान लागली तर पाणी मिळावे लागते. आणि 'कोण गावचे, कोणाचे?' या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्यावरही पाणी देणाऱ्याचा हात मागे जाता कामा नये. या तिन्ही गोष्टी ज्यांना जन्मतःच मिळाल्या त्यांनी प्रवासवर्णने लिहिली. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत त्यांचाही प्रवास झाला, पण तो पोटामागे झाला.

आपल्या चळवळीच्या इतिहासात स्थलदर्शनाची एक सहल नोंदलेली आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद होता, त्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. एवढ्यावरून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत मागे आला, की या लोकांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेताला आले. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यासाठी सोबत शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली.

या प्रसंगात आपल्यासाठी स्थलदर्शनाची एक पद्धतच आहे, असे मला वाटते. किल्ला किती उंच, खंदक किती खोल, हे पाहावेच. पण त्याच वेळी तीन प्रश्न विचारावेत. वेशीतून आत कोण येऊ शकत होते? पाण्याला कोण शिवू शकत होते? आणि पाटीवर नाव कोणाचे लिहिले गेले? पुढील विवेचनात हीच पद्धत मी बीड शहराला लावून पाहत आहे. मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो, परंतु बीड हे माझे गाव नव्हे. मी तेथे पाहुणाच असतो. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जातो. सहलीच्या यादीतली दोनतीन नावे दर वर्षी गळतात, कारण दसरा झाला की ती मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. शहर पाहण्याआधीच शहर कोणाला पाहता येते, याचे उत्तर असे हजेरीपटावर मिळते.

२

बीडच्या जुन्या भागात कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. यादव, तुघलक, बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम अशा राजवटी या शहराने पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा निजामी संपली. राजे बदलले, धर्म बदलले, दरबारी भाषा बदलली. वेशीचा कायदा मात्र फारसा बदलला नाही.

हा कायदा समजून घ्यायचा तर शहरातल्या वेशीपासून खेड्यातल्या वेशीपर्यंत जावे लागते. खेड्यात वेस राखण्याचे काम महाराकडे असे. त्याला वेसकर म्हणत, बोलीत येसकर. सांजेला वेस लावायची, रात्री पहारा द्यायचा, परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवायचा, मयताचा सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला म्हणजे दारोदार फिरून मागितलेली भाकरी आणि खळ्यावरचे बलुते. ज्या माणसावर गाव विश्वासाने झोपत होते त्याचे घर वेशीच्या बाहेर होते. गावाचे रक्षण करण्याइतका तो जवळचा, आणि गावात राहण्याइतका मात्र नव्हे.

विद्यार्थ्यांना वेशीपुढे उभे करून मी हे सांगतो तेव्हा काहींना वाटते की ही जुनी परंपरा आहे, तिचा एवढा विचार कशाला करायचा. म्हणून पुढचा भागही सांगावा लागतो. ही परंपरा आपोआप सुटली नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी निजामाच्या हद्दीत, आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला ते स्वतः आले. वतन हा मान नसून वेठ आहे, हे मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना कळले ते अशा परिषदांमधून. म्हणजे वेस ही केवळ दगडी कमान नाही. एका बाजूला ती लष्करी वास्तू आहे, आणि दुसऱ्या बाजूला माणसांची आत-बाहेर अशी विभागणी करणारी संस्था आहे. कमान पुरातत्त्वाच्या अभ्यासात येते. संस्था कोणत्या अभ्यासात येते, हे आपण ठरवायचे आहे.

३

बीडच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. बीडमध्ये पाहण्यासारखे एकच ठिकाण सांगा असे कोणी म्हटले तर मी हेच सांगेन. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या कारागिराने तिची रचना केली, अशी नोंद आहे. नावाबद्दल लोक एक गोष्ट सांगतात. जहागिरीचा वसूल सरकारात का भरला नाही, असे विचारल्यावर जहागीरदाराने उत्तर दिले, की खजिना विहिरीत ठेवला आहे.

या विहिरीचे खरे वैभव जमिनीखाली आहे. बीडच्या दक्षिणेला बालाघाटचे डोंगर, तेथून उतार शहराकडे येतो. बिंदुसरा नदीही याच उताराने वाहते. पावसाचे पाणी डोंगरपायथ्याच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरते. जमिनीखाली भुयार खणून त्या भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला, तर मुरलेले पाणी भुयारात पाझरते, हळूहळू पुढे सरकते, आणि जेथे जमीन खाली उतरत भुयाराच्या पातळीला येते तेथे आपोआप बाहेर पडते. त्याला मोट लागत नाही, बैल लागत नाही, पंप लागत नाही. खजाना विहिरीला अशी भुयारे जोडलेली आहेत. विहिरीत येणारे पाणी पुढे भुयारातूनच शेतीकडे जाते. त्या पाण्यावर भिजणारा भाग बलगुजार म्हणून ओळखला जातो. दुष्काळातही या विहिरीचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती आहे.

हे तंत्र मूळ इराणकडचे, तिकडे त्याला कनात म्हणतात. दक्षिणेत बिदरला ते आहे, बऱ्हाणपूरला आहे. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली नहर याच जातीची. मलिक अंबर हा आफ्रिकेतून आणलेला, बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम होता. पुढे तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मराठवाड्याला पाणी पाजणाऱ्या एका मोठ्या योजनेचा धनी एकेकाळचा गुलाम होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. इतिहासात अशी माणसे थोडी असतात, म्हणून ती ठळक सांगावीत.

पण सांगताना तेथेच थांबू नये. जहागीरदाराचे नाव राहिले, कारागिराचेही राहिले, हे विशेषच म्हणायचे. त्याच्या खाली जी माणसे होती त्यांचे काय? भुयार खणणे म्हणजे अंधारात, ओणव्याने, पहार आणि छिन्नी चालवणे, टोपल्याने माती वर देणे, वरून दरड आली तर तेथेच राहणे. उतार चुकला तर पाणी अडते. म्हणून हातभर पुढे जाताना पातळी राखण्याचे कसब लागते. त्यांच्याकडे अक्षर नव्हते, पण विद्या होती. महाराष्ट्रात माती खोदणे, दगड फोडणे, विहिरी उतरवणे ही कामे पिढ्यानपिढ्या करणाऱ्यांत वडार समाज ठळक आहे, आणि तो आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने कितीतरी भटक्या श्रमिक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. ज्यांच्या हातांनी गावे पाण्यावर आली त्यांना कोणत्याही गावाने आपल्या वेशीत घर दिले नाही.

साध्या विहिरीकडे पाहिले तरी हाच विसंवाद दिसतो. मोटेचे कातडे ढोराने कमावलेले, चांभाराने शिवलेले. मोटेचा नाडा मांगाने वळलेला. तीच मोट आणि तोच नाडा विहिरीत बुडून वर येई तेव्हा पाणी बाटत नसे. ज्या हाताने नाडा वळला तो हात पाण्याला लागला तर मात्र बाटत असे. जातीच्या व्यवस्थेला श्रम चालत होता, श्रमिक चालत नव्हता, हे तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथापेक्षा एका मोटेवरून विद्यार्थ्यांना लवकर कळते.

बीडजवळचीच दुसरी एक जागा या विहिरीच्या शेजारी मनात ठेवावी. महंमद तुघलक दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना बीडच्या मुलुखात त्याचा दात दुखू लागला, तो काढला आणि समारंभाने पुरून त्यावर कबर बांधली, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. करझणी गावाजवळ ती वास्तू दाखवतात. बादशहाच्या एका दाताला कबर मिळाली. शेकडो एकर भिजवणारी भुयारे खणणाऱ्या माणसांच्या नावाने दगडही उभा नाही. इतिहास कशाची नोंद ठेवतो हे शिकवायला याहून चांगला धडा मला दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात मिळालेला नाही.

४

आता देवळे आणि दर्गे. कंकालेश्वर हे बीडचे सर्वांत जुने देऊळ. चालुक्यकाळातले मानले जाते. काळ्या दगडाचे, कोरीव, आणि पाण्याच्या कुंडाच्या मधोमध उभे आहे. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाचे देऊळ, त्यासमोर दोन उंच दीपमाळा आहेत. ते निजामाकडील सरदार सुलतानजी निंबाळकर याने बांधले असे सांगतात. पूर्वेलाच चौदाव्या शतकातले चिश्ती संत शहेनशाहवली यांचा दर्गा आहे. मन्सूरशहांचाही दर्गा आहे. या मन्सूरशहांना महादजी शिंदे गुरू मानीत, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात त्यांच्याविषयीची श्रद्धा चालत आलेली आहे. मराठ्यांचा एवढा मोठा सेनानी बीडच्या एका फकिराला मानतो, ही मराठवाड्याच्या मिश्र संस्कृतीची खूण आहे. ती आज आवर्जून दाखवली पाहिजे.

या वास्तूंपुढे उभे राहताना आपल्या कार्यकर्त्यांना दोन मोह होतात. पहिला मोह म्हणजे 'हे आपले नाही' म्हणून पाठ फिरवणे. हा राग समजण्यासारखा आहे. परंतु ते दगड खाणीतून काढणारे, वाहणारे, घडवणारे हात श्रमिकांचे होते. ज्या वास्तूत आपल्या पूर्वजांचा घाम आहे ती वास्तू त्यांना प्रवेश नाकारणाऱ्यांच्या हवाली करून आपण निघून येतो, तेव्हा आपण त्यांना दुसऱ्यांदा बाहेर काढतो. शिल्प पाहणे म्हणजे देवाला नमस्कार करणे नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला कंकालेश्वराच्या भिंतीवरची मूर्तिकला डोळसपणे पाहता येते, पाहता यावी.

दुसरा मोह याच्या उलट आहे. कुठेही कोरीव खांब किंवा लेणे दिसले की ते बौद्धच होते असे ठोकून देणे. वेरूळ, अजिंठा, पितळखोरा, औरंगाबादची लेणी यांचा बौद्ध इतिहास पुराव्यांनी भक्कम उभा आहे. त्याला कोणाच्या कुबड्या नकोत. पण पुरावा नसताना केलेला दावा उद्या कोणी खोडला तर आपले खरे दावेही लोक संशयाने पाहतील. अंबाजोगाईच्या हत्तीखान्याचे उदाहरण घ्या. डोंगरात कोरलेली ती लेणी, अंगणातले दगडी हत्ती आणि नंदीचा मंडप पाहून आपली काही मुले लगेच विहार शोधू लागतात. नंदी समोर असताना त्याला नंदीच म्हटले पाहिजे. बाबासाहेबांनी इतिहास लिहिताना अनुमान कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो हे सांगण्याची शिस्त पाळली. तो वारसा आपण सोडता कामा नये.

खंडोबाच्या टेकडीवर आणखी एक गोष्ट सांगावी लागते. दीपमाळेच्या उजेडाचे वर्णन सगळे करतात. त्या उजेडात नाचणाऱ्या मुरळीबद्दल बोलताना मात्र आवाज खाली येतो. खंडोबाला मुली वाहण्याच्या प्रथेत अस्पृश्य जातींतल्या मुली मोठ्या प्रमाणात ओढल्या गेल्या. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले आणि त्यातून या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. आपल्या समाजाने हा प्रश्न बाहेरच्या सुधारकाची वाट न पाहता स्वतः हाती घेतला. त्यानंतर १९३४चा मुंबई प्रांताचा कायदा, आणि २००५ साली महाराष्ट्राचा देवदासी प्रथाबंदीचा कायदा झाला. पहिल्या हाकेपासून या कायद्यापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. लोकसंस्कृतीचे कौतुक करणाऱ्या पुस्तकांत वाघ्या-मुरळीचे गाणे असते, या शंभर वर्षांचा हिशेब नसतो.

मिश्र संस्कृतीबद्दलही असेच स्पष्ट बोलावे. दर्ग्याच्या दारात हिंदू-मुसलमान एकत्र येतात हे खरे, आणि आजच्या दिवसांत ते मोलाचे आहे. पण दौलताबादच्या हौदावर ओरडणारा माणूस मुसलमान होता आणि त्याच्या तोंडी आलेला विटाळ हिंदूंच्या जातिव्यवस्थेचा होता. दोन धर्मांत सलोखा झाला म्हणजे जातीचा प्रश्न सुटला, असे होत नाही. सलोखा हवाच, परंतु तो पाणवठ्यापर्यंत पोचला की नाही, हे आपण विचारत राहिले पाहिजे.

राज्यघटनेने ते विचारले आहे. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख नावानिशी आला आहे. ही सार्वजनिक ठिकाणे वापरण्यात जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते या कलमात येऊन बसले आहे. तरी १९७०च्या दशकात बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ घेऊन महाराष्ट्रभर फिरावे लागले. कायदा वरून येतो, पाणवठा खाली असतो. मधले अंतर चळवळीने चालायचे असते.

५

आता पाटीचा प्रश्न. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. कित्येक दशकांची मागणी पुरी झाली. आता पाहुणे वाढतील, जुन्या वास्तूंची डागडुजी होईल, त्यांच्यापुढे नव्या पाट्या लागतील, मोबाईलवर माहिती येईल. त्या पाट्यांवर काय असेल याची चिंता आत्ताच केली पाहिजे. 'अमुक साली अमुक सरदाराने बांधले' एवढेच लिहिले, तर पुढची शंभर वर्षे मुले तेवढेच वाचतील.

पाटीवरच्या नावाला काय किंमत असते हे मराठवाड्यातल्या दलिताला शिकवावे लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपली घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे लढलेल्या समाजाने पर्यटनाच्या पाट्यांना क्षुल्लक समजू नये. नाव कोणाचे, हाच इतिहासाच्या मालकीचा प्रश्न असतो.

येथे मला या लेखाचे मुख्य म्हणणे मांडायचे आहे. खजाना विहिरीच्या मजुरांची नावे गेली, ती आता कोणत्याही संशोधनाने परत येणार नाहीत. परंतु आपल्याच जिल्ह्यात श्रमिकांनी उभारलेली अशी कितीतरी बांधकामे आहेत, की ज्यांच्या मजुरांची नावे अजून मिळू शकतात. १९७२च्या दुष्काळात उभे राहिलेले पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते ही ती बांधकामे. गावोगाव कामे निघाली. माणसे खडी फोडत होती, माती वाहत होती, सुकडी खात होती, मिलोची लाल भाकरी खात होती. त्या कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली देशाने केलेल्या कायद्याची मुळेही तेथेच आहेत. जगात नावाजलेला एक विचार मराठवाड्याच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी माळावर, उपाशी माणसांच्या टोपल्यांतून वर आला.

माझी आजी त्या कामावर होती. आमच्या घरात पदवीपर्यंत मीच पहिला पोचलो. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकातून मी जे वाचत होतो ते आणि आजी जे बोलत होती ते एकाच विषयाचे आहे, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. आजी सांगे, की बांध घालताना एका बाईच्या डोक्यावर दिवसाला किती टोपल्या जात, लेकरे बाभळीच्या सावलीत कशी झोळीत टांगलेली असत, आणि हजेरी घेणारा आमच्या वस्तीतल्या बायांना पाण्याच्या टाकीपासून लांब कसा उभे करी. म्हणजे तलाव बांधणाऱ्यांनाच तेथेही पाणी वरून ओंजळीत मिळत होते. तलाव झाला, पाणी मुरले, खालच्या रानातल्या विहिरी भरल्या. त्या विहिरी ज्यांच्या होत्या त्यांचा ऊस झाला. आजीच्या नावावर रान नव्हते. तिच्या वाट्याला तलाव आला नाही आणि पाणीही आले नाही. तिच्या मुलांच्या वाट्याला त्याच उसावरचा कोयता आला.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातल्या माणसांवर ठरला, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मानला गेला. तलाव बांधणाऱ्याचा पाण्यावर हक्क असतो, हा विचार अव्यवहार्य नाही हे त्यातून दिसले. आपल्या जिल्ह्यातल्या पाझर तलावांना हा नियम लागला असता तर ऊसतोडीच्या वाटेवर किती बैलगाड्या कमी निघाल्या असत्या, याचा विचार अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी करावा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढच्या हिवाळ्यात जो शिक्षक विद्यार्थ्यांना बीड दाखवायला नेईल, त्याने सकाळ कंकालेश्वराला, दुपार वेशी आणि दर्ग्यांना, आणि तिसरा प्रहर खजाना विहिरीला द्यावा. विहिरीवर भुयाराचे तंत्र नीट समजावून सांगावे, कारण ज्ञानाचा आदर शिकवणे हे आपले पहिले काम आहे. परत आल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला एक वही द्यावी आणि आपापल्या गावच्या पाझर तलावावर पाठवावे. वहीत चार रकाने आखावेत. तलावाचे नाव, काम निघाल्याचे साल, कामावर असलेल्या माणसांची नावे, आणि आज त्या पाण्यावर कोणाचे शिवार भिजते. तिसऱ्या रकान्यासाठी महारवाड्यात, मांगवाड्यात, वडारवस्तीत, तांड्यावर, आणि गावातल्या गरीब मराठा-धनगर-वंजारी घरांतही जावे लागेल; दुष्काळाने सगळ्याच भूमिहीनांना एका बांधावर आणले होते. बायांची नावे त्यांच्याच तोंडून घ्यावीत, नाहीतर 'अमक्याची बायको' एवढेच हाती येते. ग्रामपंचायतीत, तहसिलीत जुने हजेरीपट शिल्लक असतील तर तेही पाहावेत.

१९७२ साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज सत्तरीच्या घरात आहे. ज्या बाया तेव्हा तिशीत होत्या त्यांच्यातल्या फारच थोड्या उरल्या आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या पाच-सात वर्षांत झाले तर होईल. वह्या भरल्या की त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल कराव्यात, नोंदणी क्रमांक द्यावा, आणि गावच्या ग्रामसभेत ती नावे मोठ्याने वाचून तलावाच्या बांधावर त्यांची पाटी लावण्याचा ठराव मांडावा. ठराव नामंजूर झाला तर का झाला, हेही वहीत लिहावे.